आईचा झाकलेला पाय

बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. आमची शेती एवढीशी, तीही तलावाच्या शेवटच्या टोकाला. सगळ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरल्या की उरलेलं पाणी आमचं. त्यामुळे आई दुसऱ्यांच्या रोवणीला जायची. रोवणी म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकून उभं राहायचं आणि मागे मागे सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, खोवत जायचं. रोवणी संपली की निंदण, मग कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. बसून करायचं काम तिच्या वाट्याला कधी आलं नाही. घरात भात असायचा. वरण असेलच याची खात्री नसायची.

रोवणीच्या बाया लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरतात. आई मात्र डावा पाय झाकून उतरायची. बाबांच्या जुन्या फुलपँटचा एक पाय कापून तिनं शिवून घेतला होता, तो चढवायचा आणि गुडघ्याखाली नाड्यानं करकचून बांधायचा. बाया तिला सोडत नसत.

"का वो, एका पायाची हिरोईन. दुसऱ्या पायाची पँट धोब्याकडे टाकली का?"

"धोबी तुह्याच घरी येते ना," आई म्हणायची, "विचारून घे."

बाया हसायच्या, आईही हसायची, आणि विषय तिथंच संपायचा. तो तसा संपावा यासाठीच ती हसत होती, हे मला ठाऊक होतं. कारण मी तो पाय पाहिला होता. न्हाणीचं फाटकं पोतं वाऱ्यानं उडालं आणि दिसला. गुडघ्यापासून खाली निळ्या, जाड, वेटोळ्या शिरा. कातडीखाली गांडुळं शिरून बसावीत तशा. घोट्याजवळची कातडी वांग्याच्या सालीसारखी काळी आणि ताणलेली.

"हे काय झालं, माय?"

"शिरा भरल्या. उभं राहून राहून भरते." तिनं पाय ओढून घेतला. "बाहेर बोलू नको."

का बोलायचं नाही, तेही मला ठाऊक होतं. आमच्या घराला लागून बाबांच्या चुलतभावाचं घर. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. त्यांचाही पाय असाच घोट्याजवळ काळा पडला होता. नागपूरला नेलं आणि परत आले ते गुडघ्याखाली पाय नसलेले. तेव्हापासून आईच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. पाय काळा पडला की दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे करवत. गुडघ्याखालचा नाडाही त्याच भीतीनं बांधलेला. खालचं नासकं रक्त वर चढू नये म्हणून. तिनं स्वतःच शोधलेला उपाय होता, आणि त्या उपायावरच ती जगत होती.

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कसला संकोच वाटत नाही. बी.ए., मग बी.एड., मग तालुक्याच्या एका शाळेत नोकरी. पहिल्या वर्षी आईला म्हटलं, आता रोवणी बंद. ती म्हणाली, "तू शिकवनं बंद करतेस का?"

त्या वर्षी तिच्या घोट्याजवळ जखम झाली. रुपयाएवढी, ओली, भरायचं नाव नाही. ती हळद भरायची, कसला तरी पाला वाटून लावायची आणि वरून पँट चढवायची. मी दवाखान्याचं नाव काढलं की दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. त्याच सुमारास, शाळेत दिवसभर फळ्यापुढे उभी राहून घरी आले असताना, मला माझ्या मांडीवर बारीक लाल-निळी जाळी दिसली. कोळ्यानं कातडीआड विणावी तशी. मी दिवा जवळ आणून पाहिली. मग दिवा लांब ठेवला. इतकी शिकलेली बाई मी, पण त्या क्षणी माझ्याही डोक्यात करवतच आली.

पुढच्या रोवणीत ते घडलं. रविवार होता, मीही बांधीत पऱ्ह्याच्या पेंढ्या पोचवत होते. आई रांगेत मधोमध. एकाएकी तिच्याभोवतीचं गढूळ पाणी लाल व्हायला लागलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. दुखलंच नव्हतं तिला. शेजारच्या बाईनं पाहिलं आणि हातातले पऱ्हे टाकून ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढली.

"जनावर डसलं," ती म्हणाली.

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हटलं की सगळे समजतात. आईला उचलून धुऱ्यावर बसवलं. फुलपँटच्या खालून रक्ताची बारीक धार येत होती, पिचकारीतून यावी तशी. एका काकूनं लुगड्याचा काठ फाडला आणि नाड्याच्याही वर, गुडघ्याला, आम्ही दोघींनी ओढून गच्च आवळला. विष वर चढू नये म्हणून. आणि आवळल्याबरोबर धार वाढली. आम्ही अजून आवळलं. अजून वाढली. काकू माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. दोघींनाही वाटलं की ही आता जाते.

शेतमालकाच्या मोटारसायकलवर आईला मधे बसवलं, मागून मी धरलं. पाय खाली लोंबत होता. रक्त तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं आणि चरचर वाजत होतं. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. आई मात्र एकच बोलत होती, "पाय नका कापू म्हणा. मरू द्या, पन पाय नका कापू म्हणा."

प्राथमिक आरोग्य केंद्रात माझ्याच वयाची डॉक्टर होती. तिनं आधी विचारलं, "बांधलं कोणी हे? सोडा." मी म्हटलं, साप आहे. ती म्हणाली, "साप असता तरी असं आवळायचं नसतं. सोडा." काठ सोडला, नाडा कापला, फुलपँट फाडली. आईला आडवं करून पाय वर उचलला आणि जिथून धार येत होती त्या टाचणीएवढ्या भोकावर कापसाचा बोळा ठेवून अंगठ्यानं दाबून ठेवला. बस, एवढंच. थोड्या वेळानं अंगठा काढला तर रक्त थांबलेलं.

"दात लागल्याची खूण कुठंच नाही. फुगलेली शीर फुटली," ती म्हणाली. "पायातलं रक्त वर जायला बघतं. तुम्ही वरच वाट आवळली, मग ते फुटलेल्या जागेतून बाहेर येणारच. पुन्हा झालं तर झोपवायचं, पाय उंच, आणि दाबून धरायचं." मग तिनं जखम पाहिली, काळी कातडी पाहिली आणि गोंदियाला नेऊन नसांची तपासणी करायला सांगितलं. "टाळू नका. पुन्हा फुटू शकते, आणि घरात कोणी नसताना फुटली तर?"

घरी आल्यावर आई म्हणाली, "नाही."

मी समजावलं, रागावले, रडले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाय उशीवर ठेवला होता तेवढंच. आता मला झोपेतही तो चरचर आवाज यायचा. शाळेत तास घेताना मोबाइल टेबलावर उलटा ठेवायचे, वाजला तर दिसू नये म्हणून. मग न राहवून पुन्हा सुलटा करायचे.

शेवटी मी मोठेबाबांकडे गेले. दुसरं कोण होतं? ते कुबड्यांवर आले आणि ओसरीत आमच्या दाराकडे पाठ करून बसले. आई आत, दाराआड. भासऱ्यासमोर लहान भावाची बायको येत नाही, बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. दोघं एका भिंतीला राहूनही इतक्या वर्षांत एकमेकांशी थेट बोललेले नव्हते. बोलणं माझ्यातून जाणार होतं.

"विचार तिले," मोठेबाबा अंगणाकडे बघत म्हणाले, "त्या पायाले सुई टोचली त दुखते का?"

मी आत वळले. विचारायची गरज नव्हती, आईनं ऐकलं होतं. "सांग, मुंगी चढली तरी समजते."

"मंग सांग तिले, माह्या पायाले उंदरानं कुरतडलं होतं. सकाळी पोरीनं चादर पाह्यली तेव्हा मले मालूम झालं. शुगरनं पाय आधीच मेला होता. मेला म्हणून कापला." "तिचा कारा पडला, पन जिता हाये. जिता पाय कोनी काऊन कापंल?"

"आन हेही सांग," ते म्हणाले, "या मोहल्ल्यात एकच लंगडा पुरे हाये. मले भागीदार नाही पाहिजे."

आत आईला हसू फुटलं. मग पदर सावरल्याचा आवाज आला, आणि ती दाराआडूनच, पण थेट त्यांना म्हणाली, "दादा, मी जातो."

मोठेबाबांनी मागे वळून पाहिलं नाही. कुबड्या घेतल्या आणि गेले.

गोंदियाच्या दवाखान्यात आईला स्टुलावर उभं करून पायाची सोनोग्राफी केली. डॉपलर म्हणतात त्याला. डॉक्टर पोटरी दाबायचे की मशीनमधून सूं असा आवाज यायचा. सोडली की तोच आवाज उलटा, लांबच लांब. "सुना, माताजी? जो खून ऊपर गया, वापस गिर रहा है." पायातल्या नसांमध्ये बारीक झडपा असतात, त्या रक्ताला खाली येऊ देत नाहीत. आईच्या झडपा ढिल्या पडल्या होत्या. रक्त खाली साचून शिरा फुगल्या, कातडी काळी पडली, जखम भरेना. काही घराण्यांतून येतं, काही वर्षानुवर्षं उभं राहून, बाळंतपणांतून.

उपाय त्यांनी सरळ सांगितले. पाय उंच ठेवणं, चालणं आणि घट्ट मोजे, हे कोणत्याही परिस्थितीत. पण जखम झाली आणि शीर फुटली म्हणजे फक्त मोज्यांवर भागणार नाही. एक म्हणजे जुनी शस्त्रक्रिया, चीर देऊन शीर ओढून काढायची. दुसरा लेसर, सुईच्या भोकातून तार घालून बिघडलेली शीर आतून शेकून बंद करायची. राहिलेल्या बारीक शिरांत औषधाची सुई. आईसाठी त्यांनी लेसर सुचवला.

मग आईनं विचारलं, "शीर बंद केली त रगत जाईल कोठून?"

डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा. म्हणाले, "अंदर बडी नस है, उसका रास्ता खुला है. वही तो मशीन में पहले देखा." आई मला म्हणाली, "म्हणजे फुटका पाट बुजवून पानी मोठ्या कालव्यात सोडतेत." मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. पण माझा हात तिनं सोडला नव्हता.

मोज्यांवरून मात्र तिचं बिनसलं. "मी बांधतच होती ना इतके वर्ष. मंग माह्यं चुकलं कोठी?"

"आप ऊपर कसते थे," डॉक्टर तिच्या घोट्यावर बोट ठेवून म्हणाले. "कसना नीचे है, टखने पर. ऊपर ढीला."

निघता निघता मी माझ्या जाळीचं विचारलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ह्या कातडीतल्या बारीक नसा आहेत. बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. दिसायला नको असतील तर सुई घेता येते. उभं राहायचं काम आहे तर मधून मधून टाचा उचला, तासांच्या मधे बसा, पाय दुखायला किंवा सुजायला लागला तर या. मी शिक्षिका असून शाळकरी पोरीसारखी तीनदा "नक्की ना?" विचारलं.

लेसरच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. पाय बधिर करून करतात, पूर्ण भूल देत नाहीत, हे मला माहीत होतं. संमतीच्या कागदावर मीच सगळं वाचून सही केली होती. तरी प्रत्येक वेळी दार हललं की मी उठून उभी राहायचे. वाचलेलं सगळं कुठं गेलं, कोण जाणे. डोळ्यांपुढे फक्त मोठेबाबांचा दुमडून पिन लावलेला पायजम्याचा पाय.

दार उघडलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नाही, आधी खाली पाहिलं. दोन चपला. दोन्हींत पाय.

"सुया लय टोचल्या," आई म्हणाली. ती स्वतः चालत आली होती. "मंग जळका वास आला. वाटलं, जाळूनच टाकून राहिले. म्हणून अंगठा हालवून पाहत होती, हाये का नाही." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तू काऊन पांढरी पडली?"

त्यानंतरही भीती एकदम गेली नाही. पट्टी बदलताना मी आधी तिच्यावर रक्त आहे का ते बघायचे. मोजे चढवताना रोज भांडण. उन्हाळा आला की ती ते काढून फेकायची, मी उचलून आणायचे. शिरा दुसऱ्या जागी पुन्हा होऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तपासणीला जातो. रोवणी तिनं सोडली. मी सोडवली नाही. तिनंच एका सकाळी रोवणीवाल्या बायांना दारातून परत पाठवलं. त्यातल्या एकीनं विचारलं, "हिरोईन, पँट कोठी गेली?" आईनं लुगडं वर करून मोजा दाखवला. "आता ही नवी फॅशन हाये."

लेसर झाला त्याच वर्षी, धानकापणीच्या आधी, जखम पूर्ण भरली, आणि ती आजवर पुन्हा उघडलेली नाही. आईचे दोन्ही पाय शाबूत आहेत.