व्हरांड्यातली शेगडी

आमच्या कॉलनी कमिटीचे सेक्रेटरी वारले तेव्हा लोक म्हणाले, माणूस शिस्तीचा होता. माझं डोकंच फिरलं. शिस्तीचा होता, पण दुसऱ्याच्या दारात.

पन्नास-साठच्या मधली वर्षं. पिंपरीत कारखाना नवा, क्वार्टर्स नव्या, भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. धुरानं भिंती काळ्या होतात म्हणून व्हरांड्यात शेगडी पेटवायची नाही, असा कमिटीनं नियम केला. बरं, केला तर केला. पण ऐन थंडीत मी दुसऱ्यांदा बाळंत झाले आणि पोरगी आठव्याच महिन्यात आली. एवढासा जीव, पाय कितीही चोळा, गारच. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, हिला ऊब तुटू देऊ नका.

माझी आई चाकणजवळच्या गावाहून आली होती. ती व्हरांड्यात शेगडी पेटवायची आणि धूर सरून निखारे लाल झाले की आत आणून माझ्या बाजेखाली सरकवायची. खोलीतच पेटवावी तर पोरीचा श्वास कोंडायचा. भिंत काळी होऊ नये म्हणून बिचारी शेगडी पार कठड्यापाशी ठेवायची.

एक दिवस सेक्रेटरी आले, मागे बादली घेऊन वॉचमन.

आई म्हणाली, "दादा, घरात बाळंतीण हाय. निखारं झालं की उचलते."

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले आणि वॉचमनला खूण केली. शेगडी फस्सकन विझली, ओली राख आईच्या लुगड्यावर उडाली. संध्याकाळी आईनं पुन्हा पेटवली, त्यांनी पुन्हा विझवली.

सकाळी पोरगी दूध ओढेना. ओठ निळसर दिसले. नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. खिडकीतून पाहते तर समोर सेक्रेटरींच्या व्हरांड्यात तांब्याचा बंब भकाभका धूर सोडतोय. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, महिन्याची बाळंतीण. तिला न्हाऊ, तिला शेक, सगळं यथासांग. त्यांच्या धुरानं भिंती काय गोऱ्या होत होत्या?

मी पोरीला पदरात गुंडाळलं आणि उठले. आई दारात आडवी आली. "अगं, सोयर हाय. धा दिस व्हायचेत. कुनाच्या घरी शिवायचं न्हाई."

"म्हणूनच जाते," म्हटलं.

समोर त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बंबाला खेटून मी बसले. याच बंबातल्या पाण्यानं आंघोळ करून सेक्रेटरी देवपूजेला बसायचे. ते बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"उठा बाई, विटाळ कालवलात."

"नियम सगळ्यांना सारखा ना? हा बंब विझवा, मी उठते."

त्यांनी वॉचमनला हाक मारली. तो बादली भरून आला, पण हुकूम काही त्यांच्या तोंडातून निघेना. तेवढ्यात त्यांची बायको दारात आली. "विझवा की," ती म्हणाली. "आणि आत येऊन आपल्या लेकीलाही सांगा, आज गार पाण्यानं न्हा म्हणून."

वॉचमननं बादली खाली ठेवली. हळूहळू पोरीचे पाय माझ्या मुठीत कोमट झाले, तिनं तोंड वासलं आणि रडली. मी तिथंच, त्यांच्या दारात, तिला पोटभर पाजलं. सेक्रेटरी त्या दिवशी बिनआंघोळीचे कामावर गेले.