दुसऱ्यांदा विचारायचं नाही

फोन आला तेव्हा मी मऊरानीपुरला आमच्या शाळेत सातवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवत होते. विनूच्या दुकानाशेजारी कापडाचं दुकान आहे, तिथल्या भैयांचा फोन. "दीदी, विनायक भैया नहीं रहे. ग्वालियर में... अस्पताल से ख़बर आई है." मी म्हटलं, "अस्पताल में क्यों? वो तो चश्मे के फ्रेम लेने जाता है ग्वालियर." मग ते हळूच म्हणाले, "फ्रेम नहीं दीदी. डायलिसिस. सवा साल से." मला रडू आलं नाही. खडू हातात तसाच होता, आणि मला संताप आला. आज दीड महिना झाला, तो संताप तसूभरही उतरलेला नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी भावावर काही लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं की गोडगोड लिहिणं मला जमणार नाही. जसं येईल तसं लिहा, म्हणाले. तर घ्या.

विनायक माझा धाकटा भाऊ. चार वर्षांनी लहान. झाशीला बड्या बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत त्याची शाळा होती. खरी शाळा नव्हे. काजळटेकडीची शाळा. ती त्याने स्वतःच्या डोक्यातून काढली होती, नकाशासकट, घंटेच्या आवाजासकट. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून तो वर जायचा आणि सात-आठ मुलं त्याच्याभोवती सतरंजीवर बसायची. कुणी बबीन्याच्या छावणीतून येणारी फौजी घरची, कुणी आमच्यासारख्या इथेच पिढ्या काढलेल्या घरांतली, मराठी समजणारी पण हिंदीत उत्तर देणारी. प्रत्येकाने त्या शाळेतला एक विद्यार्थी व्हायचं. नाव घ्यायचं, स्वभाव घ्यायचा. विनू हेडमास्तर. तो सांगायचा, "तुम्ही आता सावल्यांच्या वर्गात आहात, फळ्यामागून कुणीतरी खोकतंय, काय करता?" आणि मुलं जे काय करतील ते फासा टाकून ठरायचं. पन्नाशीला आलेला बाप्या, लग्न नाही, कार्य नाही, आणि हे असलं खेळत बसतो म्हणून मी त्याला झाडायला गेले होते एका रविवारी. मुलं विषम झाली होती. खेळात दोघादोघांचा एक बाक धरायचा, बाकावर जोडीदार लागतो म्हणून मला बसवलं. त्यानंतर सहा वर्षं मी दर रविवारी बसने मऊरानीपुरहून झाशीला जात राहिले. घरी सांगायचे, भावाला डबा द्यायला जाते. डबा द्यायचेच, पण खोटं ते खोटंच.

त्या शाळेतली जादू कशी चालायची ते सांगते, कारण सगळं भांडण तिथेच आहे. सत्र सुरू झालं की प्रत्येकाला दहा चिंचोके मिळायचे. दार उघडायचं, दिवा पेटवायचा, भिंतीला बोलतं करायचं, कशालाही एक चिंचोका खर्च. पण स्वतःचा चिंचोका स्वतःला लागू पडत नाही. खिशात दहा असले तरी तुम्ही ठणठणपाळ. जादू करायची तर बाकावरच्या जोडीदाराकडे हात पसरायचा आणि मोठ्याने विचारायचं, "एक घेऊ का?" त्याने "घे" म्हटलं आणि चिंचोका तळहातावर ठेवला, तरच जादूचा फासा टाकायचा. वापरलेला चिंचोका हेडमास्तरांच्या वाटीत जातो, सत्र संपेपर्यंत परत येत नाही. ज्याचे सगळे संपले तो रिकामा. तो मरत नाही, पण त्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. मग शाळेच्या पायऱ्यांवर बसून इतरांचा खेळ बघायचा. म्हणजे जोडीदाराला दिलं की आपलं कमी होतं, आणि नाही दिलं की दोघंही दाराबाहेर.

यापुढचे दोन नियम खास विनूचे. एक, मागणाऱ्याने कारण सांगायचं नाही आणि देणाऱ्याने विचारायचं नाही. दोन, "नाही" आलं की त्याच कामासाठी त्या माणसाकडे पुन्हा मागायचं नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "ही कसली जादू रे? ही तर भीक." तो हसला. म्हणाला, "अक्का, भीक मागताना कारण सांगावं लागतं. इथे लागत नाही." सगळी मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मला एवढंही कळत नाही.

मला कळत होतं ते कुठून आलंय. आमचे अप्पा. रेल्वेत कारकून होते, आणि घरातही कारकूनच. वही हवी? कारण लिहून दे. चप्पल तुटली? कशी तुटली ते लिहून दे. कागद वाचून, चष्मा कपाळावर चढवून ते म्हणायचे, "कारण पटत नाही." मी भांडायचे, आदळआपट करायचे, शेवटी मिळवायचे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे मला पाळण्यातच समजलं होतं. विनूने मात्र अकराव्या वर्षी मागणंच सोडून दिलं. त्याला फळा दिसत नव्हता. वर्षभर दिसत नव्हता! शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घ्यायचा, नापास झाला, अप्पांचा मार खाल्ला, पण चष्मा हवाय हे तोंडातून काढलं नाही. शेवटी मास्तरांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, "मूर्खा, मला तरी सांगायचंस." तर म्हणे, "तू विचारलं असतंस, का दिसत नाही." आता याला काय म्हणावं! पुढे त्याने चष्म्याचाच धंदा धरला. लोकांना यात गंमत वाटते. मला कधी वाटली नाही.

खेळ वाईट होता असं मी म्हणणार नाही, म्हणायची फार इच्छा असली तरी. रुची नावाची मुलगी आली तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. वडील फौजेत, तोवर चार गावं आणि चार शाळा झालेल्या. तोंडातून शब्द नाही. माझ्या बाकावर आली. चार रविवार ती माझ्याकडे हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. विनू थांबायचा. बाकीची मुलं कंटाळायची, "काका, आगे बढ़ो ना." तो म्हणायचा, "दार बंद आहे, पुढे कसे जाणार?" पाचव्या रविवारी तिने विचारलं, "एक... घेऊ का?" आवाज उंदराएवढा. मी घे म्हटलं. त्या दिवशी दार उघडलं आणि आत नुसतं एक मांजर निघालं, पण पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि दुकानदाराशी घासाघीस करताना माझंही ऐकत नाही. तिला मागायला विनूने शिकवलं. दुसऱ्याच्या पोरांना शिकवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

गेल्या वर्षी उन्हाळाभर तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडला. झाशीचा उन्हाळा! मी म्हटलं, "लग्नाला निघालास का?" पाय सुजलेले, चपलेचा पट्टा रुतायचा. मी म्हटलं, "दिवसभर बसून बसून झालंय, चालत जा." डब्यातलं लोणचं तसंच परत यायचं. चहा अर्धा कप. मी म्हटलं, "नखरे वाढलेत तुझे." प्रत्येक वेळी तो हसला. मंगळवारी आणि शुक्रवारी ग्वालियर, फ्रेमा आणायला. आठवड्यातून दोनदा फ्रेमा! त्या दुकानात दिवसाला चार गिऱ्हाइकं येत नव्हती, आणि मी गणिताची मास्तरीण, मला एवढा हिशेब दिसला नाही. माझ्यावरही राग आहे माझा. पण तो नंतर. आधी त्याचा नंबर.

थंडीतली गोष्ट. सत्र संपत आलं होतं. विनू म्हणाला, "आज रुची हेडमास्तर. मी विद्यार्थी." मुलांना मजा वाटली. सहा वर्षांत तो कधी सतरंजीच्या या बाजूला बसला नव्हता. जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि तो माझ्या बाकावर आला. त्याने त्या टाकताना काही केलं होतं का, हे आता मला कुणी सांगणार नाही. खेळ सुरू झाला, ग्रंथालयाचं दार लागलेलं. त्याने माझ्यापुढे हात पसरला. "अक्का, एक घेऊ का?" माझ्याकडे तीन उरले होते. आणि मला शेवटपर्यंत रिकामं व्हायचं नव्हतं, एवढंच. खेळात का होईना, जिंकायची हौस मला लहानपणापासून. मी म्हटलं, "नाही. तीनच उरलेत. फासा सहावर पडला तर खिडकीतून जाता येतंय, तसा जा." त्याने हात मागे घेतला. "बरं," म्हणाला. मग उठला आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेला. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीसुद्धा वाटलं नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी कागदपत्रं आणायला मी ग्वालियरला गेले. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. फाईल देताना मी त्यांच्यावर चढलेच. "घरवालों को किसी ने बताया क्यों नहीं? मैं सगी बहन हूँ. मेरी एक किडनी..." ते जरा गोंधळले. मग अगदी मवाळपणे म्हणाले, "मैडम, मैंने तो कई बार कहा, बहन को ले आइए, जाँच करा लेते हैं. सर्दियों में बोले, पूछ लिया है, उसने मना कर दिया. मैंने कहा, फिर से पूछिए, लोग पहली बार में घबरा जाते हैं. तो हँसने लगे. बोले, दोबारा पूछने का क़ायदा नहीं है." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "कोई बात नहीं, मैडम. बहुत लोग मना करते हैं."

येताना गाडीत मी त्याला जितक्या शिव्या दिल्या तितक्या जन्मात कुणाला दिल्या नसतील. समोरची बाई मुलाला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. अरे गाढवा! मूत्रपिंड मागायचं होतं आणि तू चिंचोका मागितलास? मी "नाही" म्हटलं ते ग्रंथालयाच्या दाराला! ते उत्तर तू घेतलंस, घडी करून खिशात ठेवलंस, आणि वर डॉक्टरला जाऊन सांगितलंस, बहीण नाही म्हणाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा. अप्पांना कारण सांगायचा तुला वीट आला होता, मान्य. पण मी अप्पा नव्हते रे. माझ्यावर कसला सूड? मला निदान नाही म्हणायची तरी खरी संधी द्यायचीस... मी दिलं असतं का? हे लिहिताना पेन थांबलं, तेवढं कबूल करते. घाबरले असते. यजमानांशी भांडण झालं असतं, मुलांनी फोन करकरून डोकं खाल्लं असतं. आठ दिवस मी त्याला हजार प्रश्न विचारले असते, का, कसं, आधी का नाही बोललास, आणि मग दिलं असतं. ते हजार प्रश्न त्याला नको होते. प्रश्न नकोत म्हणून माणूस मेला. मी त्याला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही.

गेल्या रविवारी दुकान रिकामं करायच्या विचाराने झाशीला गेले. वरच्या खोलीत मुलं आधीच जमली होती. किल्ली रुचीकडे होती, तिला ती कुणी दिली हे मी विचारलं नाही. सतरंजी घातली होती, नवीन सत्राच्या चिठ्ठ्या तयार होत्या. "अक्काजी, बस एक बार," रुची म्हणाली. "काका के बिना कैसे होता है, देखना है." बसले. माझ्या बाकावर इरा नावाची आठ वर्षांची चिमुरडी आली, नुकतीच बबीन्याला बदली होऊन आलेल्यांची. तिच्याकडून सगळे नियम पाठ करून घेतले होते. रुचीने गोष्ट सुरू केली, टेकडीवर धुकं, शाळेचं फाटक बंद. इराने माझ्यासमोर हात पसरला. "अक्काजी, एक घेऊ का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मुकाट्याने हात मागे घेतला. रडली नाही, रुसली नाही, फाशाकडे बघायला लागली. तिला तसंच शिकवलं होतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी तिचं मनगट धरलं.

"पुन्हा विचार."

"दोबारा नहीं पूछते," ती घाबरून म्हणाली आणि रुचीकडे बघायला लागली.

"अक्काजी, काका का रूल है," रुची म्हणाली.

"तुझा काका गाढव होता. इरा, माझ्याकडे बघ. मी नाही म्हटलं, हो ना? मग विचार, का नाही? मला सांग, तुला कशासाठी हवाय. दहा वेळा विचार. माझं डोकं खा. पण विचार!"

मग तिने हात पुन्हा पुढे केला, आणि जरा चिडूनच, जवळजवळ ओरडून म्हणाली, "फाटक बंद है ना, इसलिए! मुझे अंदर जाना है! घेऊ का?"

"घे," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की खाली बाजारातून जाणाऱ्या एका माणसाने थांबून वर पाहिलं.