आधी खोटं विचारावं

ऑफिसात त्याला सगळे 'फौजदार' म्हणत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा पाणीसुद्धा फुंकून पिणारा. कुलूप लावलं तरी जिन्यावरून परत येऊन ओढून बघायचा.

प्रोग्राम बांधणारी स्क्रिप्ट सांभाळणं हे त्याचं काम. ही स्क्रिप्ट आधी कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, एकेक पर्याय देऊन विचारते, हा तुला येतो का? त्यानं तो पर्याय घेऊन एक चिमुकला प्रोग्राम बांधून दिला, की उत्तर 'हो'.

त्या दिवशी नवा कंपायलर बसवला आणि तो झाडून सगळ्या पर्यायांना 'हो' म्हणाला. बाकीचे खूश. फौजदाराच्या कपाळाला आठ्या. स्थळाबद्दल एकही वाईट शब्द कानावर आला नाही, की चौकशी वाढवावी, असा त्याचा खाक्या.

त्यातच बहिणीचा फोन. "दादा, आईच्या सोबतीला बाई कशाला हवी? दिवसभर घरी एकटी असली म्हणून काय झालं? मी रोज विचारते. जेवलीस? हो. गोळ्या घेतल्यास? हो. तुझा आपला उगाच संशय."

त्यानं चरफडत फोन ठेवला आणि तोच राग कंपायलरवर काढला. जगात नसलेला पर्याय दिला, 'उडती म्हैस'.

उत्तर आलं, हो!

मग बिंग फुटलं. न कळलेल्या पर्यायावर हा कंपायलर नुसती सूचना पुटपुटायचा आणि प्रोग्राम बांधून मोकळा व्हायचा. स्क्रिप्टला त्या पुटपुटण्याशी देणंघेणं नव्हतं. नुसती सूचना आली तरी तो पर्याय नापास धरायचा, असं फौजदारानं स्क्रिप्टला शिकवलं, तेव्हा निम्मे 'हो' गळून पडले.

"आधी खोटं विचारावं," तो दिवसभर मिरवत होता. "त्यालाही हो आलं, तर बाकीचे हो कवडीमोलाचे."

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा आई खिडकीशी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"गोळ्या घेतल्यास?"

"हो रे."

इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण स्वभावाला औषध नाही.

"आणि ती निळी?"

निळी गोळी तिला कुणी कधी दिलीच नव्हती.

"घेतली की," आई घडी न मोडता म्हणाली. "कडू होती मेली."

आपला संशय खोटा ठरावा, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. तेवढ्यात बहिणीचा फोन वाजला.

"विचारलंस ना आईला? हो म्हणाली ना?"

"हो म्हणाली," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.