मिनिटभराची शांतता

पावसजवळच्या खाडीत कालवं काढून पोट भरणारी एक बाई, खाडी बुजवायला आलेल्या डंपरांसमोर एकटी आडवी पडली होती. तिच्यावर मी डॉक्युमेंटरी करत होते. पडवीत बसून ती तीन तास बोलली. कार्ड भरलं म्हणून मी नवं घातलं आणि नेहमीप्रमाणे त्या जागेची मिनिटभर शांतता टिपून घेतली. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये ती लागते.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेला समुद्राचे शॉट घेताना नवं कार्डही भरलं. पहिलं लॅपटॉपवर उतरवलंय अशा खात्रीने मी ते पुसून टाकलं. उतरवलं नव्हतं. समुद्र कुठे पळून जाणार होता? पण मला तो तेव्हाच हवा होता, मावळतीच्या उजेडात!

परत जाऊन तिला सगळं सांगायचं, असं रोज ठरवायचे आणि लाजेने जायचे नाही. महिनाभरात ती गेली.

काल तिच्या लेकीचा फोन आला. "ताई, फिल्म राहू दे. आईचा आवाज तेवढा द्या. आमच्याकडे नुसते फोटोच आहेत."

पुसलेलं परत मिळवायचे सगळे उपाय करून झालेत. आता फक्त ती शांतता उरलीय. हेडफोन लावून मी ती पुन्हापुन्हा ऐकते. सुरुवातीला माझाच आवाज येतो, "मावशी, आता मिनिटभर अजिबात बोलायचं नाही हं." मग कावळा ओरडतो, तिच्या बांगड्या वाजतात, ती "अगो" म्हणून काहीतरी सांगायला लागते, आणि मी तिला गप्प करते.