परब बाईंचा आवाज

१. परब बाई सोमवारी गेल्या.
२. आज त्यांच्या परळच्या व्यवसाय शाळेत शोकसभा झाली. पडद्यावर त्यांचे शिवणकामाचे व्हिडिओ दाखवले.
३. हात बाईंचे होते. आवाज कॉम्प्युटरचा होता.
४. शेवटी नाव मुख्याध्यापकांचं आलं.

मी त्या शाळेतल्या शिक्षकांना डिजिटल ट्रेनिंग द्यायचे. व्हिडिओ काढणं, कापणं, राज्याच्या शिक्षण पोर्टलवर अपलोड करणं. परब बाई माझ्या बॅचमध्ये होत्या.

गिरण्यांच्या संपात त्यांच्या मिस्टरांची, आप्पांची, मिल सुटली ती सुटलीच. बाईंनी घरात मशीन आणलं, चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. मग या शाळेत शिकवायला लागल्या.

व्हिडिओसाठी त्यांनी मशीनच्या दिव्याला इलास्टिकने मोबाइल बांधला.

स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "बाई, आता सिरियलमध्ये जाणार काय?"

"जाईन की! सासूचा रोल देतील. तोंड आहेच."

प्रत्येक शिक्षकाला मी स्वतंत्र लॉगिन दिलं होतं. कोणीच वापरलं नाही. सगळं मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून जायचं.

मी बाईंना म्हटलं, स्वतःच्या नावाने टाका.

"अगो, शाळेतून बाहेर जाणाऱ्या कागदावर कधी माझी सही असते? मग ह्याच्यावर कशाला? सरांकडून गेलेलं बरं दिसतं."

म्हणजे पोर्टलच्या लेखी ते सगळे धडे सरांचे. 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून सत्कारही सरांचाच झाला. बाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मूळ व्हिडिओत त्या बोलायच्या. घरच्यासारखं, मालवणी हेल काढून.

"काज मोठं झालं तर रडत बसू नको. बटण मोठं घे."

मुली हे ऐकण्यासाठी शाळेच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ परत लावायच्या.

शोकसभेनंतर मी सरांना विचारलं, आवाज का बदलला?

"मॅडम, भाषा प्रमाण नव्हती. राज्यभर जाणार ना ते."

शिलाई राज्यभर चालते. शिकवणारीचं बोलणं चालत नाही.

मूळ फाइल्स कुठे आहेत, विचारलं. "असतील ड्राइव्हवर. जागा भरलीय, शनिवारी साफ करायला सांगितलंय."

तिथून मी चिंचपोकळीला बाईंच्या घरी गेले. आप्पा सभेला आले नव्हते. त्यांना आता नीट दिसत नाही. फोटो समोर धरला तरी उपयोग नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, "तिचो आवाज आसा काय गो तुझ्याकडे?"

माझ्याकडे नाही. बाईंच्या फोनमध्येही नाही. अपलोड झालं की जागा व्हावी म्हणून त्या फोनमधून काढून टाकायच्या. शाळेत आहे म्हणायच्या, जाणार कुठे.

परब बाई, तुम्ही उत्तम शिकवत होता. शाळेने ते तुमच्या नावाने एकदाही म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते. नमस्कार.

आणि सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणून उघडच विचारते.

नाव राहू दे तुमचं. सत्कारही राहू दे.

ड्राइव्ह साफ करू नका. मूळ आवाजाच्या फाइल्स आहेत की नाहीत, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. आहेत म्हणालात तर पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः येते. नाहीत म्हणालात, तर तेही मला आप्पांना जाऊन सांगावं लागेल.