हळदीखालची रेघ

वसमतला सकाळच्या चहाला हा माणूस माझ्याच टेबलावर येतो आणि सामन्याचे डावपेच मांडायला माझा भरलेला कप उचलून त्याचा गोलकीपर करतो. चहा गार झाल्यावरच तो मला परत मिळतो. हा कोलकात्यात पगारी फुटबॉल खेळून आला आणि आता गावच्या संघाचा मॅनेजर आहे. बोलताना त्याचे पायही चालतात, टेबलाखाली माझी नडगी सडकून निघते.

एक अंतिम सामना जिंकला असता तर त्याला जिल्ह्याचा संघ मिळणार होता. मी लाइनमन होतो. सामन्याआधी आठवडाभर मैदानावर शिजवलेली हळद वाळत घातली होती, कडेची रेघ पिवळ्या भुकटीत बुडाली होती. चेंडू बाहेर गेला की नाही, मला दिसलंच नाही. तरी मी झेंडा वर केला. याच्याच संघाचा गोल रद्द झाला, सामना गेला, जिल्ह्याचा संघही गेला.

तरी दर रविवारी तो झेंडा माझ्याच हातात कोंबतो. परवा वैतागून सांगून टाकलं, "तो चेंडू मला दिसलाच नव्हता."

"माहीत हाय काका. मी तिथंच उभा होतो."

"मग झेंडा मलाच काहून देतो?"

"तवापासून तुमी एकटेच रेघेवर वाकून बघता," तो म्हणाला आणि माझा कप बचावफळीत सरकवला.