बादूमामांचं टायमिंग

घानातल्या कुमासीचे आमचे मेकॅनिक बादूमामा जुन्या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, अजून कानानेच लावतात. माझी लेक आफुआ माझी जुनी गाडी घेऊन एकटीच उत्तरेला नोकरीवर निघणार होती आणि चढावर इंजिन खडखडत होतं.

मामा रिकाम्या गाडीवर टायमिंग लावत नाहीत. त्यांनी बाजारातल्या तीन बायका याम कंदांच्या टोपल्यांसकट मागे बसवल्या; आफुआ नि मी पुढे त्यांच्याशेजारी दाटीने बसलो.

"मामा, भाडं आम्ही द्यायचं की तुम्ही?"

"गप्प बसा गं, वजन आहात तुम्ही!"

अर्ध्या चढावर त्यांनी गाडी थांबवली. "ठिणगी लवकर पडतेय." ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला आणि डोळे मिटले. झोपेत कुणी गुणगुणावं तसा इंजिनाचा आवाज मऊ झाला.

मी हळूच म्हटलं, "मामा, ठिणगी अजून थोडी मागे घ्या ना. इंजिनाचा जोर कमी झाला की आफुआ सावकाश चालवेल."

डोळे न उघडताच ते म्हणाले, "अकोसुआ, ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापेल आणि पोर रानात अडकेल. तुझ्या काळजीचं टायमिंग मला नाही लावता येत, बाई."

बायका खिदळल्या. बोल्ट अर्धवटच आवळून मामांनी आफुआला चालवायला बसवलं. भरलेली गाडी लाल धुळीतून तरंगत वर गेली. कुठेही खडखड नव्हती. माथ्यावर मामांनी बोल्ट पक्का करायला हात पुढे केला, आणि मीच त्यांच्या हातात पाना दिला.